दोन्ही किनाऱ्यांवर उघडीप

आता खाडीवर पूल झाला आहे. गाडीत बसून एखादं गाणं लावलं, की ते संपायच्या आत पलीकडचा किनारा येतो. पाऊस येणार का हे बघायला कुणी मान वर करत नाही. सगळे मान खाली घालून हातातल्या फोनला विचारतात. त्यात वाईट काही नाही. पण वसंतातल्या त्या लहरी दिवसांत, सकाळी कोवळं ऊन आणि दुपारी शाईसारखं आभाळ असा खेळ सुरू झाला, की माझा कान अजून लाँचच्या भोंग्याकडे लागतो. पुलाला भोंगा नसतो.

त्या काळी खाडी ओलांडायची तर लाँचशिवाय गत्यंतर नव्हतं. एक लाँच आमच्या काठाची, एक पलीकडच्या. सकाळी दोघी एकाच वेळी आपापला धक्का सोडायच्या, भर पाण्यात एकमेकींना भोंगा द्यायच्या, जशा दोन ओळखीच्या बायका बाजाराच्या वाटेवर ‘काय गं, बरी आहेस ना?’ म्हणतात आणि न थांबता पुढे जातात. संध्याकाळी तशाच माघारी. हवा बिघडली की धक्क्यावर लाल बावटा चढायचा आणि जी लाँच जिथे असेल तिथे दोरखंडाला बांधून पडायची. बावटा चढवायचा की उतरवायचा, ते ठरायचं आमच्या वेधशाळेच्या अंदाजावरून. आणि तो अंदाज लिहिणाऱ्यांत मी सगळ्यांत नवी होते.

वेधशाळा म्हणजे टेकडीवरची एक बैठी इमारत. मधल्या खोलीत नकाशाचं भलंमोठं टेबल, कोपऱ्यात दिवसभर खडखडणारं तारयंत्र, खिडकीत साहेबांचा पेन्सिलींनी भरलेला पेला. भिंतीवर हवेचा दाब सांगणारं पितळी यंत्र होतं. साहेब रोज आल्या आल्या त्याच्या काचेवर बोटाच्या पेरानं टकटक करायचे, शेजाऱ्याचं दार वाजवावं तसं, आणि काटा कुठे सरकतो ते बघूनच कोट काढायचे. साहेबांना सगळे पाठीमागे ‘शक्यता’ म्हणत. त्यांच्या हातून एकही वाक्य शक्यतेशिवाय बाहेर पडलं नव्हतं. पावसाची शक्यता, उघडिपीची शक्यता, शक्यता नसण्याची शक्यता. जेवलात का असं विचारलं तरी म्हणायचे, तशी शक्यता आहे. माझ्या पहिल्याच अंदाजात मी ‘पाऊस पडेल’ असं ठणकावून लिहिलं होतं. त्यांनी लाल पेन्सिलीनं ते खोडलं आणि म्हणाले, आभाळ आपला नोकर नाही, आपण आभाळाचे नोकर आहोत.

घरी आई, बाबा आणि मी. बाबा शिंपी. पुढच्या खोलीत त्यांचं शिवणयंत्र, मागच्या खोलीत आमचा संसार, आणि दोन्हींच्या मधे कापडाच्या चिंध्यांचा ढीग, ज्यावर कोण ना कोण रोज घसरायचं. मला वेधशाळेत नोकरी लागल्यापासून बाबांनी माझं नाव टाकूनच दिलं होतं. ‘काय वेधशाळे, आज छत्री घेऊ का?’ असं विचारायचे, आणि मी हो म्हटलं की मुद्दाम छत्री ठेवून जायचे.

आईची धाकटी बहीण पलीकडच्या काठावर दिलेली. दोघी लहानपणी एकाच अंथरुणात झोपलेल्या, एकीचा हात उशाशी तर दुसरीचा पाय पोटावर. लग्नं झाली आणि मधे खाडी आली. बाबा म्हणायचे, ‘मी दोघी बहिणींच्या मधे कधी आलो नाही. तेवढं काम खाडी करते.’

दोघींचा एक नियम होता. तो कधी ठरला, कुणी ठरवला, कुणालाच आठवत नव्हतं. रेडिओवर आमचा अंदाज लागायचा, त्यात दोन्ही किनाऱ्यांचं हवामान वेगवेगळं सांगत. ज्या किनाऱ्यावर आधी ऊन पडणार, तिथलीनं निघायचं आणि दुसरीनं घरी थांबायचं. वारा पलीकडून आला की तिकडे आधी उघडायचं, मावशी यायची. वारा उलटा फिरला की इकडे आधी उघडायचं, आई जायची. चिठ्ठी नाही, निरोप नाही. अंदाज संपला की एका घरात पिशवी भरायला लागायची आणि दुसऱ्या घरात जास्तीचा तांदूळ निवडायला लागायचा. मावशी दारातून आत येताना चपला काढता काढताच गुणगुणायची:

*ऊन पडलं माझ्या दारी, तुझ्या दारी गं आभाळ*
*पदरी बांधून आणिते, तुझ्यासाठी मी सकाळ*

आणि आई स्वयंपाकघरातून, मागे न वळता, उत्तर द्यायची:

*माझ्या दारी पाऊस गं, नको अंगणात राहू*
*आण आत तुझं ऊन, दोघी अर्धं अर्धं खाऊ*

मग दोघी ओट्याशी उभ्या राहून ऊन खायच्या. म्हणजे बोलायच्या. एकमेकींचं ऐकत नसायच्याच; दोघी एकाच वेळी बोलायच्या आणि दोघींना सगळं कळायचं.

ज्या आठवड्याची ही गोष्ट, त्या आठवड्यात मावशी जाणार होती. माझ्या मावसभावाला फार लांब, दोन दिवसांच्या प्रवासावर, नोकरी लागली होती. काका वारल्यापासून मावशी एकटीच होती, तिला तो कायमचं न्यायला आला होता. घर विकलेलं, सामान बांधलेलं, आणि शनिवारी दुपारची गाडी. सगळा हिवाळा आई छातीच्या दुखण्यानं बिछान्याला धरून होती, त्यामुळे दोघींची शेवटची भेट झाडांची पानं गळत होती तेव्हाची. आता झाडांना पालवी आली होती, आई हिंडूफिरू लागली होती, आणि नेमका तेव्हाच आभाळाला वेड लागलं. खाडीच्या तोंडाशी कमी दाबाचा एक भोवरा येऊन बसला. तो जाईना, आणि त्याच्या मागून दुसरा यायची लक्षणं. धक्क्यावर लाल बावटा चढला तो उतरेना.

आई रोज संध्याकाळी रेडिओशी बसायची. मी लिहिलेलं वाक्य निवेदकाच्या गोड आवाजात ऐकायची: दोन्ही किनाऱ्यांवर सोसाट्याचा वारा, मेघगर्जनेसह पावसाची शक्यता. मग रेडिओ बंद करून माझ्याकडे अशी बघायची, जणू तो वारा मी पिशवीतून आणून खाडीवर सोडला होता. लहानपणी मला तिनं कडकडीत उन्हातही छत्री देऊन शाळेत धाडलं होतं, थोडं जास्त सांगितलेलं बरं असतं म्हणून. सोमवारी मात्र ती पानं वाढता वाढता, माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘जरा कमी करून नाही का सांगता येत?’

मी म्हटलं, ‘काय?’

‘वारा.’

बाबांना ठसका लागला. त्यांनी पाणी प्यायलं आणि म्हणाले, मी गिऱ्हाइकाच्या पोटाचं माप कमी करून लिहिलं तर सदरा त्याला बसतो का? आईनं मला वाढलं मात्र नेहमीपेक्षा जास्त. ते मला तिच्या रागापेक्षा जड गेलं.

मंगळवारी दुपारी तारयंत्रातून निरीक्षणं आली आणि मी नकाशा भरायला घेतला. पहिला भोवरा विरत होता, दुसरा अजून लांब होता. दोन्हींच्या मधे एक फट होती. वारा मात्र ना पलीकडून होता ना इकडून. तो खाडीच्या तोंडातून सरळ आत येत होता, दारातून आलेला पाहुणा दोन्ही भिंतींकडे न बघता थेट स्वयंपाकघर गाठतो तसा. म्हणजे आभाळ उघडणार ते दोन्ही काठांवर सारखंच उघडणार. मी लिहिलं: बुधवारी सकाळी दोन्ही किनाऱ्यांवर एकाच वेळी उघडीप होण्याची शक्यता, दुपारनंतर पुन्हा वादळी वारे. साहेबांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं. ‘एकाच वेळी’ असं आपल्या अंदाजात आजवर आलं नव्हतं म्हणाले. मी नकाशा दाखवला. त्यांनी मान हलवली आणि कागद तारयंत्रावर गेला. घरच्या नियमाचं मला त्या क्षणी काही सुचलं नाही. नकाशा समोर असला की मी कुणाची मुलगी नसायचे.

पुढचं बाबांकडून ऐकलेलं. त्यांनी ते पुढच्या वीस वर्षांत इतक्यांदा सांगितलं, की प्रत्येक वेळी त्याला नवी झालर लागली, पण मधला कपडा तोच.

बुधवारी सकाळी मी टेकडीवर गेले. आईनं पिशवी भरली, मोठी काळी छत्री घेतली, आणि अंगावर नवीन शाल टाकून सकाळच्या लाँचनं निघाली. ऊन असं लख्ख पडलं होतं की खाडी ओळखू येत नव्हती. बाबा यंत्रावर बसले. एका कोटाची बाही लावून होत नाही तोच दारात चपला काढल्याचा आवाज आला, आणि त्यांच्या कानावर पडलं, ऊन पडलं माझ्या दारी. बाबांनी चष्म्यावरून बघितलं. दारात मावशी, हातात तशीच काळी छत्री, तोंडभर हसू, आणि मान स्वयंपाकघराच्या दिशेनं कललेली, उत्तराची वाट बघत.

स्वयंपाकघरातून उत्तर आलं नाही.

बाबा म्हणाले, ‘तुम्ही इकडे? मग ही तिकडे कुणाकडे गेली?’

मावशी दारातच खाली बसली. आधी रडेल असं बाबांना वाटलं. पण ती हसायला लागली, इतकी की शेजारीण डोकावून गेली. रेडिओनं दोघींचंही नाव घेतलं होतं. नियम दोघींनीही पाळला होता. दोन लाँचा भर पाण्यात एकमेकींना भोंगा देऊन गेल्या. आई इकडच्या लाँचमधे डोळे मिटून उन्हाकडे तोंड करून बसलेली, मावशी तिकडच्या लाँचमधे पिशवी नीट लावत. कुणी मान वर केली असती तर.

मावशीनं लगेच माघारी जायचं ठरवलं, पण लाँच संध्याकाळखेरीज सुटत नव्हती आणि दुपारी माझा अंदाज खरा ठरला. वारा आला तो धक्क्यावरच्या टपऱ्यांची छपरं वाजवतच. बावटा चढला. पलीकडची लाँच आमच्या धक्क्याला, आमची पलीकडे. धक्क्यावरच्या कारकुनानं पलीकडे फोन केला तेव्हा तिकडून कळलं, की एक बाई सकाळपासून येऊन बसल्यात आणि म्हणतायत, माझी बहीण चोरीला गेली. इकडून सांगण्यात आलं, चोरीचा माल सापडला आहे, सुखरूप आहे. त्यानंतर खांब पडला आणि फोनही मुका झाला.

मी घरी आले तेव्हा मावशी आमच्या स्वयंपाकघरात उभी होती. ओट्याशी, आईच्या जागी, आईचा एप्रन बांधून. पाठमोरी ती इतकी आईसारखी दिसली, की मी ‘आई, भिजले गं’ म्हणून गेले. ती वळली आणि म्हणाली, ‘भिजणारच. स्वतः लिहितेस आणि स्वतःच विसरतेस.’

गुरुवार, शुक्रवार असे गेले. बाहेर वारा खिडक्यांना धरून हलवत होता, आत मावशी घर हलवत होती. तिला हात गप्प ठेवता येत नव्हते. तिनं चिंध्यांचा ढीग रंगवार लावला, बाबांचं यंत्र पुसून त्याला तेल दिलं, आणि स्वयंपाकघरातली फळी सगळी उतरवून पुन्हा मांडली. मिठाची बरणी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या उजव्या हाताला. ती तिनं डावीकडे, खिडकीशी ठेवली. बाबा घाबरले. म्हणाले, तुमची बहीण चमचासुद्धा जागचा हलू देत नाही, मला घराबाहेर काढेल. मावशी म्हणाली, काढू दे, मग या माझ्याकडे, घर रिकामंच आहे. मग तिच्या लक्षात आलं की ते घर आता तिचं नाही, आणि ती फडकं घेऊन आधीच पुसलेली फळी पुन्हा पुसायला लागली.

रात्री ती आईच्या जागी झोपायची आणि सकाळी सांगायची, ताईची उशी म्हणजे धोंडा आहे नुसता. तिकडे पलीकडच्या रिकाम्या घरात आई आणि मावसभाऊ कशावर झोपत असतील, बांधलेल्या ट्रंकांच्या मधे, ते आम्ही कुणी बोलत नव्हतो. मावशीला तर शनिवारी दुपारी गाडी गाठायचीच होती. तिकिटं काढलेली, मावसभावाला सोमवारी हजर व्हायचं होतं. लाँच सुटली नाही तर सगळंच कोसळणार होतं. आणि सुटली तर? ते शुक्रवारी सकाळी, मी निघताना, मावशीनंच काढलं.

‘उद्या उघडलं तर कुणीकडे आधी उघडेल?’

मी म्हटलं, अजून कळत नाही. वारा परवासारखाच आहे, खाडीच्या तोंडातून.

‘म्हणजे पुन्हा दोन्हीकडे.’

मी म्हटलं, पण आई आता थांबेल ना तिकडेच. तिला माहीत आहे तुझी गाडी तिथून आहे. शहाणं माणूस थांबेल.

मावशीनं माझ्या कोटाची कॉलर नीट केली. ‘शहाण्यासारखं वागायचं असतं तर आम्ही बहिणी कशाला झालो असतो? ती म्हणेल, बारकी तिकडे अडकलीय, तिला एकटीला लाँचमधे बसायची भीती वाटते, मी जाऊन घेऊन येते. निघेल बघ ती. मी जाईन आणि ती येईल, आणि मग ती इथे आणि मी गाडीत.’ तिनं कॉलर सोडली. ‘तू तिकडच्या किनाऱ्यावर पाऊस लिही ना. एवढा एकच दिवस.’

आठवड्यात दुसऱ्यांदा मला कुणीतरी तेच मागत होतं. एकीला वारा कमी हवा होता, दुसरीला पाऊस जास्त. मी छत्री उचलून निघाले. टेकडी चढताना पाऊस तोंडावर येत होता आणि मला कळत होतं की तिकडे पाऊस लिहिला तर तिकडच्या धक्क्यावर बावटा चढलेला राहील, म्हणजे आमची लाँच तिथून सुटणार नाही. आणि तिच्यात उद्या कुणाकुणाला आपापल्या घरी परतायचं असेल, ते सगळे धक्क्यावर बसून राहतील, माझ्या आईसाठी.

दुपारी निरीक्षणं आली. मी नकाशा दोनदा भरला. फट होती, मागच्यापेक्षा रुंद, आणि तिच्या मधोमध समदाबरेषा, म्हणजे सारख्या दाबाची ठिकाणं जोडणाऱ्या रेघा, एकमेकींपासून इतक्या लांब लांब गेल्या होत्या की मधे कोरा कागद दिसत होता. म्हणजे वारा नाहीच. मी तसंच लिहिलं: शनिवारी सकाळी दोन्ही किनाऱ्यांवर एकाच वेळी उघडीप. लिहून झाल्यावर पेन्सिल खाली ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

तेवढ्यात पलीकडच्या लाँचचा सारंग, म्हणजे चालक, ओली टोपी पिळत आत आला. दोन दिवस आमच्या धक्क्यावरच्या कचेरीत झोपून कंटाळला होता. त्याची बायको पलीकडे, आमचा सारंग पलीकडे, सगळं जग उलट्या काठाला लागलेलं. तो साहेबांना विचारायला आला होता, उद्या माझं गरम जेवण मला मिळणार का. साहेब म्हणाले, शक्यता आहे.

मी त्याला बाजूला घेतलं आणि मावशीचं सगळं सांगितलं. त्याला ते माहीत होतं. दोन्ही काठांवर दोन दिवस दुसरा विषयच नव्हता. तो हसला नाही. टोपी हातात फिरवत म्हणाला, भर पाण्यात दोन लाँचा कडेला कडा लावता येतात. पूर्वी एकदा आजारी माणसासाठी त्यानं आणि आमच्या सारंगानं लावल्या होत्या. भोंग्यानं सांगायचं, थांब म्हणून, तो ओळखेल. पण पाणी निजलेलं पाहिजे. जरा जरी वारा असला तर दोन्ही लाँचा एकमेकींच्या फळ्या फोडतील.

‘मला शक्यता सांगू नका,’ तो म्हणाला. ‘मध्यावर वारा असणार की नसणार?’

मी साहेबांकडे बघितलं. साहेब इतका वेळ पेन्सिलीला टोक करत होते, म्हणजे सगळं ऐकत होते. ते टेबलाशी आले. माझा नकाशा उलटा फिरवून बघितला, मग सरळ करून बघितला. भिंतीपाशी गेले, पितळी यंत्रावर टकटक केली, काटा बघितला. मग त्यांनी माझा अंदाज उचलला आणि त्याच्या शेवटी स्वतःच्या हातानं एक वाक्य जोडलं. मी वाचलं: खाडीच्या मध्यावर वारा पडलेला राहील.

त्यात शक्यता नव्हती. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. ते म्हणाले, लवकर पाठव, नाहीतर माझं मन बदलायची शक्यता आहे.

शनिवारी सकाळी मी सुट्टी काढली आणि मावशीची पिशवी घेऊन तिच्याबरोबर लाँचमधे बसले. बाबा धक्क्यापर्यंत आले. त्यांनी मावशीला रात्रीतून काहीतरी शिवून दिलं होतं, प्रवासातल्या उशीचा अभ्रा, आत मऊ चिंध्या भरलेल्या. धोंडा नाही, म्हणाले. मावशीनं ती उशी पोटाशी धरली आणि लाँच सुटली.

पाणी निजलं होतं. मी तशी खाडी पुन्हा कधी पाहिली नाही. वर धुतलेलं आभाळ, खाली तेच आभाळ, आणि मधून आमची लाँच रेघ ओढत निघालेली. मावशी बसली नाही. पुढच्या कठड्याला धरून उभी राहिली. समोरून एक ठिपका निघाला, मोठा होत गेला, त्याला शीड नसलेली काठी फुटली, मग धूर, मग माणसं.

‘नसली तर?’ मावशी म्हणाली. ‘तिकडेच थांबली असली तर बरंच आहे. नाही का?’

मी हो म्हटलं. दोघींनाही ते पटलं नाही.

आम्ही बसलो होतो त्या लाँचच्या सारंगानं भोंगा दिला, एक लांब आणि लगेच दोन आखूड. समोरून काही आलं नाही. त्यानं पुन्हा दिला. मग समोरून उत्तर आलं, तसंच, आणि समोरच्या लाँचचं यंत्र मंदावत मंदावत थांबलं. तिच्या पुढच्या कठड्याशी, काळी छत्री मिटून काठीसारखी टेकवून, शाल अंगावर घेऊन, आई उभी होती.

लाँचा कडेला येईपर्यंत दोन्हीकडची माणसं कठड्याशी जमली होती. दोघी एकमेकींकडे बघत होत्या, आणि माझ्या मनात उगाच आलं, आता ऊन कुणाच्या दारी?

खलाशांनी दोर टाकले. मधे हातभर पाणी उरलं. आमच्याकडचा, म्हणजे पलीकडच्या लाँचचा सारंग आईला म्हणाला, खाली बघू नका, फक्त पुढे बघा. आई म्हणाली, मी दुसरीकडे कुठे बघतेय? मावशीनं आपल्या छत्रीची वाकडी मूठ पुढे केली. आईनं आपली मूठ तिच्यात अडकवली. मागून दोन खलाशांनी धरलं, पुढून मी, आणि आईनं पाय टाकला.

पहिलं वाक्य आईचं होतं. ‘सगळं बांधून ठेवलंस, मला पाणी प्यायला पेला सापडेना.’

‘आणि तुझी उशी,’ मावशी म्हणाली, ‘मान मोडली माझी.’

मग दोघी एकाच वेळी बोलायला लागल्या. पलीकडचा काठ येईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. मी समोरच्या बाकावर बसून ऐकत होते. मला निम्मंही कळलं नाही, त्यांना सगळं कळत होतं. आईनं तिकडे बसून बसून ट्रंका उघडून सगळ्या कपड्यांच्या पुन्हा घड्या घातल्या होत्या, कारण बारकीला घडी कधीच जमली नाही. मावशी म्हणत होती, तुझा नवरा यंत्राला तेल देत नाही. ऊन बाकावर येऊन बसलं होतं. मावशीनं हलकेच पहिली ओळ धरली, आणि आईनं या वेळीही मागे न वळताच उत्तर दिलं. मावशी शेजारीच होती. *दोघी अर्धं अर्धं खाऊ* पर्यंत आल्या आणि मावशीनं बाबांची उशी दोघींच्या मधे ठेवून तिच्यावर डोकं टेकलं. दुसऱ्या बाजूनं आईनं टेकलं. अर्धी खाडी त्यांनी तशी ओलांडली.

मावशीला आणि मावसभावाला घेऊन गाडी दुपारी वेळेवर गेली. फलाटावर आईनं डोळे पुसले नाहीत. म्हणाली, पाऊस येणार आहे, लवकर धक्का गाठू या. पाऊस येणार नव्हता. मला माहीत होतं आणि तिलाही.

अडकलेल्यांसाठी सोडलेल्या जादा लाँचनं संध्याकाळी घरी आल्यावर ती थेट स्वयंपाकघरात गेली. बाबा आणि मी दारात उभे राहिलो, आता काय होतंय ते बघत. तिनं सवयीनं उजवीकडे हात केला, तिथे मीठ नव्हतं. तिचा हात हवेत थांबला. मग तिनं सगळी फळी बघितली, एकेक बरणी, एकेक डबा, डावीकडे खिडकीशी ठेवलेली मिठाची बरणीही. बाबा सांगायला लागले, की मी अडवलं होतं. आईनं ऐकून घेतलं नाही. तिनं डावा हात पुढे करून मीठ घेतलं, भाजीत टाकलं, आणि बरणी होती तिथेच परत ठेवली.

मावशी पुन्हा कधी त्या घरात आली नाही. अंतर फारच होतं. आई गेली, बाबा गेले. घरात आता मी एकटीच, आणि स्वयंपाक उजव्या हातानं करणारी. पण मिठासाठी मी अजून डावीकडे वळते, खिडकीशी. तिथून खाडी दिसते.